रोपवेचं मॉडेल चाललं पाहिजे, आणि दोरी कापली की थांबलंही पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अधूनमधून कुठे ना कुठे रोपवे होणार अशी बातमी असते, केंद्राने २०२२-२३ च्या बजेटमध्ये पर्वतमाला योजना आणली तेव्हापासून तर जास्तच, आणि बातमी आली की नाक्यावर चर्चा ठरलेली. एक म्हणतो पर्यटक येतील, दुसरा म्हणतो दोरी तुटली तर काय, आणि दोघंही आपापल्या घरी जातात कारण रोपवे नेमका चालतो कसा आणि दोरी तुटली तर काय व्हायला हवं हे दोघांनाही कोणी कधी दाखवलेलं नसतं. मला त्याबद्दलच लिहायचंय. माझं म्हणणं असं की आपल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात आणि गणपतीच्या चलत देखाव्यात रोपवेची खरोखर चालणारी, मापात केलेली मॉडेलं यायला हवीत आणि त्यातला ब्रेक लोकांसमोर दोरी कापून दाखवायला हवा. थर्माकोलचा हिरवा रंगवलेला डोंगर आणि त्यावर दोऱ्याने लटकवलेली आगपेटी, याला मॉडेल म्हणणं आता पुरे झालं.

मी रत्नागिरीत मोटर रिवायंडिंगचं काम करतो. पंप, मिक्सर, पंखे, सगळं येतं, आणि या धंद्यात जुन्या मोटरी, बेअरिंगं, पुल्या हाताशी पडलेल्याच असतात, त्यातून रोपवेची मॉडेलं करायचा नाद लागला तो आजतागायत आहे. आमच्या खळ्यात माडापासून गडग्यापर्यंत एक वायर ताणलेली असते, पावसाळ्यात ती पडवीत येते, आणि शाळा सुटली की वाडीतली पोरं तिथेच असतात. तेव्हा मी जे लिहितोय ते हाताने केलेलं आहे.

युरोपात या नादाला मोठा मान आहे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनीकडे डोंगर, बर्फ, स्कीइंग, लोकांनी लहानपणापासून स्कीलिफ्ट, म्हणजे स्कीइंगवाल्यांना डोंगरावर नेणारा रोपवे, बघितलेली, मग मोठेपणी ती मापात करतात, अगदी खांबावरच्या पुल्यांसकट. ऑस्ट्रियाची येगर्नडोर्फर कंपनी १:३२ मापात, म्हणजे खऱ्याच्या ३२ पट लहान, केबिन, खुर्च्या, खांब, स्टेशन असे चालणारे सेट विकते, जर्मनीच्या ब्रावाने रेल्वे मॉडेलवाल्यांसाठी केबल कार काढली, आणि लेमान कंपनीची रिगी नावाची खेळण्यातली रोपवे तिकडच्या जुन्या पिढीने लहानपणी चालवलेली आहे. आपल्याकडे हे सेट मागवायचे तर किंमत आणि कस्टम ड्युटी मिळून सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर जातं, पण मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण रेडिमेड सेट जोडण्यात जे कळत नाही ते भंगारातून करताना कळतं.

मला काही जण विचारतात की कोकणात बर्फ नाही, स्कीलिफ्टचं मॉडेल करून काय करायचं. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहो राज्यात सन व्हॅली इथे सुरू झाली, ती बनवली युनियन पॅसिफिक रेल्वेच्या जेम्स करन नावाच्या इंजिनियरने, आणि त्याला ती कल्पना सुचली जहाजात केळीचे घड चढवायच्या यंत्रावरून. फिरत्या दोरीला हुक आणि हुकाला घड. त्याने हुकाच्या जागी खुर्ची लावली आणि घडाच्या जागी माणूस बसवला. म्हणजे बर्फातल्या या यंत्राचं मूळ केळी पिकवणाऱ्या उष्ण मुलखातलं आहे, आणि केळी आपल्या परसात आहेतच, तेव्हा बर्फ नाही ही सबब चालणार नाही.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे बंद केबिनचा रोपवे, त्याचा पहिला टप्पा १९९८ ला आणि अफरवटपर्यंतचा दुसरा २००५ ला सुरू झाला, जवळजवळ ४००० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. जोशीमठहून औलीला जाणारा साधारण ४ किलोमीटरचा, जो २०२३ साली जोशीमठची जमीन खचल्यावर बंद ठेवावा लागला. बिहारात राजगीरची एकेका माणसाची चेअरलिफ्ट. आणि आपल्या कोकणातला म्हणजे रायगडचा, १९९६ पासून हिरकणीवाडीतून वर जातो, लांबी ७५० मीटरच्या आसपास, चढ ४०० मीटरच्या आसपास आणि वेळ फक्त ४ मिनिटं. त्यात हजारो लोक बसून आलेत, पण उतरल्यावर विचारा की वर जाणाऱ्या ट्रॉलीबरोबर खाली जाणारी ट्रॉली कशासाठी असते, तर बहुतेक जण सांगतील उतरणाऱ्या माणसांसाठी. ते खरं आहेच, पण मुख्य म्हणजे ती वजन तोलते, वर जाणारी आणि खाली येणारी एकमेकींना तोलून धरतात आणि मोटरला फक्त दोघींच्या वजनातला फरक आणि घर्षण एवढंच ओढायचं असतं. एकदा दोन डबे लटकवून हे दाखवलं की चौथीतल्या पोरालाही कळतं, पुस्तकातून सांगायला गेलं की दहावीतल्यालाही कळत नाही.

आता करायचं कसं ते जरा सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच अडतात.

आधी माप. रायगडचा रोपवे १:३२ मध्ये जसाच्या तसा करायचा तर लांबी साडेतेवीस मीटर होते, १:८७ मध्ये साडेआठ मीटर, आणि तीही साडेचार मीटर चढ धरून, म्हणजे कुठल्याच घरात मावणार नाही. म्हणून केबिन मापात ठेवायची, दोरीचा चढ खऱ्याइतकाच तिरका ठेवायचा आणि लांबी कापायची. मॉडेलवाले जगभर असंच करतात, यात फसवणूक काही नाही. वेग मात्र मापात हवा. ७५० मीटर ४ मिनिटांत म्हणजे सेकंदाला साधारण ३ मीटर, १:३२ मध्ये ते होतात सेकंदाला १० सेंटिमीटर. ५ सेंटिमीटर व्यासाची पुली एका फेऱ्यात पावणेसोळा सेंटिमीटर दोरी ओढते, तेव्हा मोटर हवी साधारण ४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ४० फेरे घेणारी, १२ व्होल्टची गिअर मोटर घ्या, बाजारात ३० आणि ६० ची सहज मिळते, पुली थोडी लहानमोठी करून जुळवता येतं. प्रदर्शनात बघतो तेव्हा मॉडेल बहुतेक दहापट वेगाने पळत असतं आणि पोरं खूश होऊन टाळ्या वाजवतात, पण त्या वेगाने खरी केबिन चालली तर ताशी शंभर किलोमीटर होईल, हे कोणी त्यांना सांगत नाही.

मग दोरी. सगळ्यात जास्त माणसं इथे हरतात. पहिल्यांदा सगळे तंगूस, म्हणजे मासे गरवायचा नायलॉनचा दोरा, घेतात, कारण कोकणात तंगूस घरोघरी असतो, पण तंगूस ताणतो आणि गुळगुळीत असल्याने पुलीवर घसरतो. विणलेली पोकळ नायलॉन दोरी घ्यावी, बारीक. आणि तिची दोन टोकं जोडताना गाठ मारायची नाही, गाठ पुलीवर आली की केबिन धाडकन उडी मारते. खऱ्या रोपवेत तारेच्या दोरीची दोन टोकं एकमेकांत विणून जोडतात, सहा पदर एकेक करून सोडवायचे, एकमेकांच्या जागी बसवायचे आणि शेवटची टोकं दोरीच्या पोटात लपवायची, आणि हा जोड दोरीच्या जाडीच्या हजारपटीपेक्षा जास्त लांब असतो, चाळीस मिलिमीटरची दोरी असेल तर पन्नास मीटरच्या आसपास. जोड कुठे आहे हे हात फिरवूनही पटकन कळत नाही. पोकळ नायलॉनला हे सोपं पडतं, बोथट सुई लावून एक टोक दुसऱ्याच्या पोटात वीतभर सरकवायचं आणि चार टाके घालायचे. कोणाला जमत नसेल तर मिरकरवाड्याच्या जेटीवर जाळी दुरुस्त करणारे काका बसलेले असतात त्यांच्याकडे जावं. तीन पदरी दोरी गाठ न मारता जोडायचं त्यांचं काम बघत उभं राहावं असं असतं, बोलता बोलता बघता बघता जोड होऊन जातो. विज्ञान शिक्षकांनी पोरांना एकदा तिथे न्यावंच, मला वाटतं जिल्ह्यात दोरीबद्दल त्यांच्याइतकं कळणारं दुसरं कोणी नाही.

दोरी झाली की ताण. खालच्या स्टेशनची पुली पक्की ठोकायची नाही, सरकत्या पाटीवर बसवायची आणि पाटीला दोरी बांधून तिला वजन लटकवायचं. पाण्याची एक लिटरची बाटली उत्तम, वजन १ किलो नक्की, आणि कमी-जास्त करायचं तर पाणी ओतायचं की झालं. इथे पोरांना एक प्रश्न विचारावा, बाटली १ किलोची तर दोरीत ताण किती? सगळे म्हणतात १ किलो. पण पुलीला दोरीच्या दोन बाजू आहेत, वजन दोघींत वाटलं जातं, म्हणजे प्रत्येकीत अर्धाच किलो. आता २ मीटरच्या दोरीवर मधोमध १० ग्रॅमची केबिन लटकवली तर झोळ पडतो साधारण १ सेंटिमीटर. बाटलीत पाचवा हिस्सा पाणी ठेवा, झोळ ५ सेंटिमीटरवर जातो आणि केबिन डोंगराला घासायला लागते. पट्टी लावून मोजता येतं, गणित करून आधी सांगताही येतं, आणि दोन्ही जुळतात तेव्हा पोरांचे डोळे बघण्यासारखे होतात.

हे वजन लटकवायचं खरं कारण आपल्या हवेत फार चांगलं दिसतं. भाद्रपदात पाऊस धो धो पडत असतो, घरात सगळं दमट, सुती दोरी ओल खाऊन आखडते, नायलॉन उलट जरा सैल होते. पक्क्या ठोकलेल्या पुलीवर दोरी एक तर सैल पडून घसरेल नाहीतर ताणून मोटरला जाम करेल. बाटली असली की ती आपोआप वर-खाली होते आणि ताण तेवढाच राहतो. आमच्या पडवीत बाटलीमागच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा आहेत, सुती दोरी लावलेली असली की पावसाच्या दिवशी बाटली वर आणि उघडीप पडली की खाली. खऱ्या रोपवेतसुद्धा हेच, उन्हाने तार लांबते, थंडीत आखडते, माणसं बसली-उतरली की ताण बदलतो, म्हणून खालच्या किंवा वरच्या स्टेशनात काँक्रीटचं वजन लटकवतात नाहीतर हायड्रॉलिक सिलिंडर बसवतात.

पुलीवर दोरी घसरली की पोरं काय करतात, दोरीचे दोन वेढे मारतात. करू नका. दोरी पुलीवर बाजूला सरकत जाते, स्वतःवरच घासते आणि दोन दिवसांत झिजते. पुलीच्या खाचेत सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवा आणि बाटलीत पाणी वाढवा. अर्ध्या वेढ्यात दोरीच्या एका बाजूचा ताण दुसरीच्या साधारण दुप्पट होईपर्यंत पुली पकड सोडत नाही, रबर चांगलं असेल तर त्याहून जास्त, आणि तेवढं पुरतं. खऱ्या रोपवेच्या मोठ्या चाकालाही आतून रबरासारखं अस्तर असतं ते याचसाठी.

एक गोष्ट मात्र मापात होत नाही. १:३२ म्हणजे लांबी ३२ पट लहान, पण वजन ३२ गुणिले ३२ गुणिले ३२, म्हणजे ३२,७६८ पट कमी. ५०० किलोची केबिन मॉडेलमध्ये १५ ग्रॅमची झाली. सीलिंग फॅन लावला तरी ती नाचते. आणि झोका घ्यायचा वेळ लांबीच्या वर्गमुळावर असतो, २ मीटर खाली लटकणारी केबिन एक झोका पावणेतीन-तीन सेकंदांत घेते, मॉडेलमधली अर्ध्या सेकंदात, म्हणून मॉडेल कितीही सुंदर असलं तरी थरथरतं आणि बघणाऱ्याला काहीतरी खोटं वाटतं पण काय ते कळत नाही. उपाय आहे, लटकणाऱ्या दांड्याच्या सांध्यात फेल्टचा बारीक तुकडा घालायचा, तो झोका खातो, आणि मोटर एकदम सुरू न करता हळूहळू व्होल्टेज वाढवायचं. मोठ्या केबल कारमध्येसुद्धा झोका मारायला डँपर बसवतात. हे सगळं बारीक वाटेल, पण चांगलं मॉडेल आणि खेळणं यातला फरक मला इथे दिसतो.

आता ब्रेक. माझ्या दृष्टीने या पत्राचा गाभा हाच आहे.

मोठ्या केबल कारमध्ये दोन प्रकारच्या दोऱ्या असतात. एक जाड तार, ती हलत नाही, तिच्यावरून केबिनची चाकं धावतात. दुसरी ओढणारी, ती केबिनला वर-खाली नेते. ओढणारी तुटली तर केबिन उतारावरून सुटेल, म्हणून केबिनच्या गाड्यावर ब्रेक असतो, ओढणाऱ्या दोरीचा ताण गेला की तो आपोआप जाड तारेला चावा घेतो. २३ मे २०२१ ला इटलीत मोत्तारोने डोंगरावर ओढणारी दोरी तुटली. ब्रेक होता, पण तो मधेमधे उगाच लागून गाडी थांबवत होता म्हणून फोर्कसारखा लोखंडी तुकडा अडकवून तो उघडाच ठेवलेला होता. केबिन उलटी खाली धावत गेली आणि खांबापाशी जाऊन कोसळली. आत १५ जण होते, १४ गेले, पाच वर्षांचा एक मुलगा वाचला. आपल्याकडे एप्रिल २०२२ ला झारखंडात देवघरच्या त्रिकूट डोंगरावर रोपवेचा अपघात झाला, माणसं जवळजवळ दोन दिवस ट्रॉल्यांमध्ये लटकून होती, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी काढावी लागली, तिघांचा जीव गेला. या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, आणि रोपवे वाईटच असतो असं काहीतरी मनात घेऊन बसतो, किंवा दुसऱ्या टोकाला, आपल्याकडे असं होणार नाही म्हणून सोडून देतो.

म्हणून हे मॉडेल करा. जाड तारेच्या जागी सायकलच्या ब्रेकची वायर ताणा. स्टेशनरीच्या दुकानात फोटो लटकवायचे बोटभर लाकडी चिमटे मिळतात, त्यातला एक घ्या. तो वायरच्या दिशेने आडवा धरायचा, वायर त्याच्या जबड्यात, जबड्याला आतून रबर. चिमट्याच्या एका पायाला बारीक दोरी बांधायची, दुसऱ्या पायाला भोक पाडून त्यातून बाहेर काढायची आणि वरच्या ओढ-दोरीला जोडायची. भोक असलेल्या पायाला केबिन पक्की बांधायची. आता ओढ-दोरीत ताण असेपर्यंत दोन्ही पाय जवळ ओढलेले राहतात, जबडा उघडा राहतो आणि केबिन मोकळी धावते. वर चढत असताना मधेच कात्रीने ओढ-दोरी कापा. चिमटा बंद होतो आणि केबिन जागच्या जागी थांबते. फक्त बाटलीखाली दोन बोटं अंतरावर स्टूल ठेवा, म्हणजे दोरी कापल्यावर बाटली लगेच टेकेल, नाहीतर ती खालच्या दोरीने केबिनला ओढत नेते.

आणि मग दुसऱ्यांदा, चिमट्याच्या जबड्यात एक काडी अडकवून ठेवा आणि पुन्हा दोरी कापा.

हे बघितल्यावर कोणाला मोत्तारोने समजावून सांगावं लागत नाही. आमच्या खळ्यात पहिल्यांदा हे केलं तेव्हा जमलेली सगळी माणसं गप्प झाली, आणि मग एका मुलीने विचारलं की काडी आहे की नाही हे रोज सकाळी कोण बघतो? मला वाटतं रोपवेच्या कुठल्याही जनसुनावणीत विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, आणि तो सातवीतल्या मुलीला सुचला कारण तिने केबिन घरंगळताना डोळ्यांनी बघितली. लोकांसमोर दोर कापून दाखवायची ही रीत जुनी आहे, लिफ्टवाल्या एलिशा ओटिसने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः लिफ्टवर उभं राहून दोर कापायला लावला होता, त्यानंतर लोकांचा लिफ्टवर विश्वास बसायला लागला.

आता तक्रार. तालुक्याच्या एका विज्ञान प्रदर्शनात पोरांनी असंच मॉडेल नेलं होतं, बाटली, चिमटा सगळं. परीक्षक आले, बघितलं, म्हणाले छान आहे पण हे खेळण्यात मोडतं, समाजोपयोगी विषय घ्यायला हवा होता, आणि पुढे गेले. दोरी कापून दाखवायची संधीसुद्धा दिली नाही. शेजारी एक न हलणारं थर्माकोलचं स्मार्ट गाव होतं त्याला बक्षीस. मला बक्षिसाचं दुःख नाही, पण जे चालतं ते खेळणं आणि जे चालत नाही ते विज्ञान, हे पोरांच्या मनात बसलं तर पुढे इंजिनियर कुठून होणार? ज्यांना परीक्षक म्हणून बोलावतात त्यांनी प्रत्येक मॉडेलसमोर एवढं तरी म्हणावं की चालवून दाखव, आणि मग बिघडवून दाखव. परीक्षेला आणखी काही लागत नाही.

साधनं नाहीत असंही नाही. काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, त्यावर पुल्या आणि केबिनचे सांगाडे छापता येतात, पण कित्येक ठिकाणी प्रिंटरवरचं कव्हर पाहुणे आले की निघतं. इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या मुलाला मॉडेलसाठी १०,००० रुपये मिळतात, आणि मी सांगतो ते मॉडेल भंगार धरून हजार-दीड हजारात होतं. केबिन लाकडात करायच्या तर सावंतवाडीची चितारआळी आहे, लाकडी फळं आणि खेळणी करणारे इतके कसबी हात दुसरीकडे कुठे आहेत? त्यांनी रायगडच्या ट्रॉलीचा एक चालणारा लाकडी सेट काढला तर पायथ्याशी येणारे पर्यटक तो नक्की घेतील असं मला मनापासून वाटतं, प्लास्टिकच्या तलवारी विकण्यापेक्षा ते किती बरं.

आणि गणपती. कोकणात मुंबईचे चाकरमानी येतात, घरोघरी आरास असते, चलत देखाव्याची हौस तर विचारू नका. कोणी धबधबा करतं, कोणी रेल्वे करतं. या वर्षी कोणीतरी रायगडचा रोपवे करा. पाळी-पाळीने आरतीला येणारी माणसं बघतील, मुंबईहून आलेली पोरं मोबाईल बाजूला ठेवतील. एवढीच काळजी घ्या की मोटर १२ व्होल्टची ॲडॉप्टरवर चालणारी असू दे, मायक्रोवेव्हच्या ताटाची मोटर हळू फिरते म्हणून काही जण वापरतात, पण ती बहुतेक वेळा थेट २३० व्होल्टवर चालते आणि दमट हवेत, ओल्या हातांनी, मखराच्या कापडाजवळ ती नको म्हणजे नकोच. आणि दोरी कापायचा प्रयोग रोज संध्याकाळच्या आरतीनंतर एकदा, जोडलेल्या दोऱ्या आधीच तयार ठेवा.

संपादक साहेब, आपल्याकडून एक मागणं आहे. यंदा जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी छापाल तेव्हा उद्घाटन कोणी केलं आणि नंबर कोणाचा आला याबरोबर कुठलं मॉडेल चालत होतं तेही दोन ओळींत छापा, आणि फोटो पाहुण्यांच्या ऐवजी त्या मॉडेलचा आणि ते करणाऱ्या पोरांचा टाका. रोपवेची पुढची बातमी येईल तेव्हा वार्ताहराला सांगा की ब्रेक कुठल्या प्रकारचा आहे, त्याची तपासणी कोण करणार आणि किती दिवसांनी, हे विचारून ये.

रत्नागिरी तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला पुल्या हव्या असतील तर लेथवर टर्न करून द्यायची जबाबदारी माझी, पैसे नकोत, मुलांना घेऊन शिक्षकांनी दुकानात यावं, पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवतोय. वायर, बाटली आणि चिमटे मात्र पोरांनीच आणायचे, आणि दोरीचा जोड पोरांनीच करायचा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मोटर रिवायंडिंगवाला वाचक,
रत्नागिरी